कर्नल पॅनिक : शेवटच्या ओळीच्या वर काय लिहिलंय?

सुरू होता होताच कोसळणाऱ्या लिनक्सबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. बहुतेकांनी एकच ओळ उतरवून पाठवली : ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग’. ती ओळ म्हणजे नुसता मृत्यूचा दाखला. ‘नॉट सिंकिंग’चा अर्थ एवढाच की, कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) आता स्वतःवर भरवसा उरलेला नाही, म्हणून मेमरीतला मजकूर तो डिस्कवर उतरवत नाही, उगाच चुकीचं काही लिहिलं जायला नको. मरणाचं कारण त्या ओळीच्या उजवीकडे किंवा वर असतं. तेवढं पाठवलंत तर निम्मं काम होतं.

प्रश्न : उबुंटू अपडेट केलं, रीस्टार्ट केलं आणि ‘व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ असं येऊन सगळं ठप्प. मित्र म्हणतो डिस्क गेली, फॉरमॅट मार. शुक्रवारी प्रोजेक्ट जमा करायचाय.
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : मित्राला चहा पाजा, पण लॅपटॉपला हात लावू देऊ नका. तुमची डिस्क बहुधा ठणठणीत आहे.

ती ओळ म्हणते की, ज्या डिस्कवर लिनक्स आहे तिच्यावरची मुख्य फाइलसिस्टिम कर्नलला जोडता (माउंट करता) आली नाही. कंसातले दोन आकडे बघा. पहिला डिस्कच्या प्रकाराचा, दुसरा पार्टिशनचा. साटा डिस्क असती आणि कर्नलला ती सापडली असती तर तिथे (८,१) किंवा (८,२) असं काही दिसलं असतं. एनव्हीएमई असती तर २५९ने सुरू होणारं. तसं दिसलं असतं तर डिस्क मिळाली पण तिच्यावरची फाइलसिस्टिम वाचता आली नाही, असं मी म्हटलं असतं आणि जरा काळजीतही पडलो असतो. (०,०) म्हणजे कर्नलला डिस्क नावाची वस्तूच दिसलेली नाही. त्याच्या थोडं वर उपलब्ध पार्टिशनांची यादी छापलेली असते. ती रिकामी असेल तर शंकाच नको.

दिसली का नाही? डिस्क वाचायचे ड्रायव्हर बऱ्याचदा डिस्कवरच असतात! ही कोंडी फोडायला बूटलोडर (मशीन सुरू होताच कर्नलला मेमरीत आणणारा छोटा प्रोग्रॅम) कर्नलसोबत इनिटरामएफएस नावाची एक छोटी गाठोडी मेमरीत टाकतो. जरुरीपुरते ड्रायव्हर तिच्यात बांधलेले असतात. तुमच्याकडे नवा कर्नल आला, गाठोडी मात्र बांधलीच गेली नाही. गाठोडी असून आतून डिस्क सापडली नसती, तर पॅनिक न होता ‘इनिटरामएफएस’ असा प्रॉम्प्ट समोर आला असता.

आणि ती का बांधली गेली नाही? माझा अंदाज : /बूट (कर्नल आणि गाठोड्या ठेवायचं फोल्डर) भरलंय. डिस्क एन्क्रिप्ट करून उबुंटू टाकलं की /बूट वेगळं आणि लहानसं पार्टिशन होतं. जुने कर्नल साचत जातात, एक दिवस जागा संपते, आणि अपडेट अर्ध्यात तुटतं. त्या वेळी टर्मिनलवर ‘नो स्पेस लेफ्ट’ असं आलं असणार. आपण कोण वाचतो?

आता उपाय. मशीन सुरू करताना एस्केप दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट), ग्रबचा, म्हणजे उबुंटूच्या बूटलोडरचा, मेनू येईल. ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. तो उठेल, त्याची गाठोडी शाबूत आहे. आधी प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घ्या. मग ‘डीएफ -एच’ने /बूट किती भरलंय ते पाहा आणि ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल काढा. ‘यूनेम -आर’ जो दाखवेल तो चालू कर्नल आहे, त्याला चुकूनही हात नको. जागा झाली की ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. अर्धवट राहिलेलं अपडेट तिथून पुढे जाईल आणि गाठोडी बांधली जाईल. शेवटी ‘अपडेट-ग्रब’. पंधरा मिनिटांचं काम.

प्रश्न : मजकूर इतका भरभर सरकतो की काही वाचता येत नाही. शेवटी अर्धा पडदा दिसतो आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहतो. नेमकं वाचायचं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तो दिवा लुकलुकणं हीसुद्धा खूण आहे. पडदा काळा असला तरी कर्नल त्या दिव्याने ‘मी पॅनिक झालो’ असं सांगतो. मात्र यूएसबी कीबोर्डवर ती अपेक्षा ठेवू नका.

ग्रबमध्ये हवी ती ओळ निवडून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वाएट स्प्लॅश’ खोडा, तिथे ‘इग्नोर_लॉगलेव्हल’ लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, बिनधास्त करा. मग फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवा आणि स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. हसू नका. महागडी साधनं हाताशी असतानाही मी आधी हेच करतो. व्हिडिओ एकेक फ्रेम मागे न्या आणि ‘बग’, ‘ऊप्स’ किंवा ‘अनेबल टू’ असा शब्द जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबा. पहिला घाव महत्त्वाचा. त्यानंतरची पडझड बहुतेक वेळा त्याचाच परिणाम असते.

डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवर अनेकदा कॉम पोर्टच्या पिना असतात. तिथून सिरीयल केबल दुसऱ्या मशीनला जोडा आणि कर्नलच्या ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ घाला. सगळा मजकूर तिकडे साठत राहील. केडम्पच्या (पॅनिकच्या वेळची मेमरी साठवून ठेवणाऱ्या सोयीच्या) मागे लागू नका : तो बूट बराच पुढे गेल्यावर बसवला जातो, तुमचं मशीन तिथवर पोचतच नाही. २०२४मध्ये आलेल्या ६.१० कर्नलपासून पॅनिकचा निरोप थेट ग्राफिक पडद्यावर दाखवायची सोय झाली आणि ६.१२मध्ये त्यात क्यूआर कोडही आला. पण ग्राफिक्स ड्रायव्हरची आणि डिस्ट्रोची (उबुंटूसारख्या लिनक्सच्या वाणाची) तयारी हवी.

प्रश्न : ‘अटेम्प्टेड टू किल इनिट! एक्झिटकोड=०एक्स००००७एफ००’. आदल्या दिवशी एक सॉफ्टवेअर चालेना म्हणून दुसऱ्या मशीनवरून लिबसी फाइल आणून टाकली होती. ‘इनिट=/बिन/बॅश’ही करून पाहिलं, तेच.
– सिस्टिम ॲडमिन, पुणे

उत्तर : गुन्हा तुम्ही स्वतःच कबूल केलाय, तरी पुरावा बघू. इनिट म्हणजे कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्रॅम, आणि लिबसी म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ लायब्ररी. शेवटची दोन शून्यं म्हणजे कोणत्याही सिग्नलने मारलेलं नाही. उरलेलं ७एफ हेक्समधलं (सोळाच्या पायातलं) आहे, म्हणजे १२७. इनिट स्वतःच १२७ सांगून बाहेर पडला, आणि लोडरला (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणाऱ्याला) लायब्ररी जुळली नाही की हाच आकडा मिळतो. (शेवटी ०बी असतं तर सिग्नल ११, म्हणजे सेगफॉल्ट, नको त्या मेमरीला हात लावल्याची शिक्षा.) बॅशलाही तीच लिबसी लागते, त्यामुळे तुमचा उपाय चालणं शक्यच नव्हतं. लाइव्ह यूएसबीवरून सीएचरूट करायला (तुमच्या डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून काम करायला) जाल तर तेही याच कारणाने अडेल.

लाइव्ह यूएसबीवर बूट करा, डिस्क माउंट करा. तुमच्या डिस्ट्रोच्या त्याच आवृत्तीचं लिबसी पॅकेज उतरवून ‘डीपीकेजी-डेब -एक्स’ने एका वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा. थेट डिस्कच्या मुळावर उघडू नका : हल्ली /लिब ही /यूएसआर/लिबकडे बोट दाखवणारी नुसती लिंक असते, ती तुटली तर दुखणं दुप्पट. फोल्डरमधल्या लायब्ररी हाताने जागेवर कॉपी करा. मग सीएचरूट चालेल. आत जाऊन तेच पॅकेज रीतसर पुन्हा इन्स्टॉल करा.

प्रश्न : दर वेळी पॅनिक वेगळ्याच ठिकाणी होतो. कधी सुरूही होतं.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रॅम. सॉफ्टवेअरची चूक सहसा त्याच जागी येते. रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी दाते कोरड्या खोडरबराने हलके पुसा, चुरा झटका आणि एकेक पट्टी लावून रात्रभर मेमटेस्ट८६+ चालवा. एकही एरर दिसली तर पट्टी बदला, ‘एकच तर आहे’ म्हणू नका.

प्रश्न : स्वतः लिहिलेला ड्रायव्हर लोड होतानाच ‘नल पॉइंटर डीरेफरन्स, अॅड्रेस : ...००१८’ येतं. प्रत्येक ओळीत प्रिंटके टाकून थकलो.
– विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तो १८ हेक्समधला आहे, म्हणजे २४. शून्य असलेल्या पॉइंटरमधून २४व्या बाइटवरचा मेंबर वाचायला गेलात. तुमच्या स्ट्रक्चरमध्ये २४वर काय बसतं ते ‘पाहोल’ (स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारं साधन) सांगेल, आणि कोणता पॉइंटर रिकामा राहिला ते तिथेच उमजेल. त्याखालच्या ‘आरआयपी’ ओळीत फंक्शनचं नाव, अधिकचं चिन्ह आणि दोन आकडे असतात : पहिला फंक्शनच्या आत किती अंतरावर मेलं तो, दुसरा फंक्शनची एकूण लांबी. डीबग माहितीसह बिल्ड केलं असेल तर तो तुकडा कर्नलच्या सोर्समधल्या ‘एफॲडर२लाइन’ला द्या, थेट ओळ क्रमांक मिळेल.

आणि हे सगळं रोजच्या लॅपटॉपवर कशाला करता? क्यूईएमयूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली मशीनमध्ये, चालवा. ‘-एस’ छोटा आणि मोठा, दोन्ही दिले की मशीन पहिल्या सूचनेवरच थांबून जीडीबी या डीबगरची वाट बघतं, पोर्ट १२३४. कर्नलच्या ओळीत ‘नोकेएएसएलआर’ घालायला विसरू नका, नाहीतर पत्ते दर वेळी बदलतात आणि ब्रेकपॉइंट लागतच नाहीत. तोवर लॅपटॉप उठवायचा असेल तर ‘मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=’ पुढे तुमच्या मॉड्यूलचं नाव लिहा.