भेटीची वही वेगळी, पोटगीची वही वेगळी

अरे,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "काका, पोराला भेटूच देत नाहीत तर पोटगीचे पैसे का भरू?" मी मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही, रागात काहीतरी वेडंवाकडं लिहिलं असतं. हाच प्रश्न मी २००८ साली माझ्या वकिलाला विचारला होता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, भेटीची वही वेगळी, पोटगीची वही वेगळी. मी ऐकलं नाही.

पोरावर तुझा जीव आहे हे मला माहितीये, ते मला पटवून देत बसू नको. प्रश्न तारखेचा आहे.

भेट देत नाहीत ना, मग भेटीचा अर्ज टाक. कोणत्या रविवारी गेलास, किती वाजता, दार उघडलं की नाही, सगळं लिहून ठेव आणि कोर्टासमोर ठेव. पण त्यासाठी दर महिन्याच्या पाच तारखेची पोटगी अडवायची नाही. पैसे अडवलेस की तुझी तक्रार राहते बाजूला आणि सगळी चर्चा तुझ्या थकबाकीवर येते. मी अडवले होते. जून ते डिसेंबर, सात महिने, महिना ३००० प्रमाणे २१ हजार. तेव्हा मंदी होती, अंबड एमआयडीसीत आमचा ओव्हरटाइम बंद झालेला, घरभाडं होतं, आईचं औषध होतं... हे बघ, मी अजून कारणंच सांगतोय. पण खरंच होती रे कारणं, सगळंच काही मी सूड म्हणून केलं नाही. अर्धं केलं.

मग हवालदार वॉरंट घेऊन कंपनीच्या गेटवर आले. फर्स्ट शिफ्ट सुटायची वेळ, सगळे बघत होते. पतपेढीतून कर्ज काढून भरले. तुला कोणी मित्राने सांगितलं असेल की होऊन होऊन काय होईल, महिनाभर आत जाऊन येऊ. थकलेल्या एकेका महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत बसून आलास तरी रक्कम माफ होत नाही, ती तशीच डोक्यावर राहते. हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. पोटगीचं आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते १४४ झालं, नंबर बदलला म्हणून देणं बदललं नाही.

आणि तुझा हिशोब चुकलाय. तू आदेश झाला त्या महिन्यापासून मोजतोयस. आदेश नीट वाच, अर्जाच्या तारखेपासून लिहिलंय का बघ. रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये नोव्हेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने पोटगी अर्ज केल्या तारखेपासून द्यायची असं ठरवून दिलंय, म्हणजे तुझ्यावर पहिल्याच दिवशी काही महिन्यांची बाकी असणार. एकरकमी जमत नसेल तर वकिलाकरवी हप्ते मागून घे, गप्प बसू नको.

सायकल घेतली, बूट घेतले, वाढदिवसाला सासऱ्यांच्या हातात पाच हजार ठेवले, हे तू पोटगीत धरतोयस. आदेशात तसं लिहिलेलं नसेल तर कोण धरणार? रोख तर अजिबात देऊ नको. बँकेतून पोराच्या आईच्या खात्यावर, दर महिन्याला एकाच तारखेला, शेऱ्यात "पोटगी" आणि महिन्याचं नाव. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे पाठवायची बँकेला सूचना, लावून टाक म्हणजे तुझ्या मूडवर काही राहणार नाही. माझा मूडच मला नडला.

उद्या नोकरी गेली तर त्याच आठवड्यात रक्कम कमी करायचा अर्ज कर, नव्या संहितेत कलम १४६. आपल्या मनाने निम्मे पाठवायचे नाहीत. नवा आदेश होईपर्यंत जुनीच रक्कम चढत राहते. आणि अर्ज करूनही हातात निम्मेच जमले तर निम्मे पाठव, पण पाठव, शून्य कधी दाखवू नको.

तू म्हणशील काका फक्त कायदा सांगतात. बरं, मग हे ऐक. २०१९ मध्ये माझी मुलगी १९ वर्षांची होती, कॉलेजच्या फॉर्मसाठी आईच्या फायलीतून कागद काढत होती तेव्हा तिला जुनं पासबुक सापडलं, त्यात ते सात महिने पोटगी जमाच नव्हती. मला फोन करून म्हणाली, "बाबा, २००८ मध्ये तुम्ही खूप आजारी होता ना? आई तेव्हा तसंच म्हणाली होती." जिच्यावर मी सात महिने राग काढला तिने पोरीसमोर माझी बाजू सावरली होती, आणि मी? मी म्हणालो, हो गं, होतो जरा आजारी. अजून खरं सांगितलेलं नाही. सांगेन, पण काय सांगणार, की तुला भेटू दिलं नाही म्हणून तुझ्या दुधाचे पैसे थांबवले?

पोराच्या आईच्या वागण्याबद्दल तू लिहिलंयस ते सगळं खरं असेल. त्याच्यावर मी काही बोलणार नाही, ती दुसरी वही.

आज २८ तारीख आहे. पगार झाला की बँकेत जा, इन्स्ट्रक्शन लाव, आणि मागच्या तीन महिन्यांची बाकी काढून वकिलाला आकडा पाठव. रविवारी जेवायला ये, काकूने थालीपीठ करायचं ठरवलंय. येताना आदेशाची झेरॉक्स आण, मोबाईलमधला अर्धा कापलेला फोटो नको.

काका