करडू सहा महिन्यांचं झालं तरी त्याचं अंग का भरत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: घरी पंचवीस उस्मानाबादी शेळ्या आहेत, करडं जन्मताना बरी दिसतात, पण सहा महिन्यांनी बाजारात नेली की व्यापारी कमरेवर हात दाबतो आणि भाव पाडतो. विक्रीआधी दोन महिने मक्याचा भरडा आणि पेंड चालू केली तर अंग भरेल का, की जन्मल्यापासूनच काही वेगळं करायला हवं?

मी पशुवैद्यक आहे. सोलापूर-धाराशिव पट्ट्यात एकोणीस वर्षं काम करतोय आणि हा प्रश्न मला दर हंगामात कुणी ना कुणी विचारतं. शेवटच्या दोन महिन्यांच्या खुराकाने काट्यावर वजन वाढेल, पण त्यातला बराच भाग चरबीचा असेल. मांसाचा पाया त्याच्या कितीतरी आधी पडलेला असतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत करडाच्या पोटात किती दूध गेलं आणि त्याआधी गाभण शेळीच्या पोटात काय गेलं, यावर तो पाया ठरतो.

व्यापारी कण्याच्या दोन्ही बाजूंना जिथे बोटं दाबतो तिथे लांब स्नायू असतात. स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. शेळी, मेंढी, गाय, डुक्कर या सगळ्यांत या तंतूंची संख्या जवळपास जन्माआधीच ठरून जाते. जन्मल्यावर नवे तंतू फारसे तयार होत नाहीत, आहेत तेच लांब आणि जाड होतात. ते जाड व्हायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे प्रथिनं. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते: तंतूला चिकटून सॅटेलाइट पेशी असतात, त्या विभागून तंतूला नवी केंद्रकं, म्हणजे पेशीचं काम चालवणारे गाभे, पुरवतात. जितकी केंद्रकं जास्त, तितका मोठा तंतू सांभाळता येतो. या पेशी सगळ्यात जोमाने काम करतात त्या जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. त्याच दिवसांत पिल्लू उपाशी राहिलं तर पुढे कितीही खाऊ घाला, ती कसर पूर्ण भरून निघत नाही.

याचा जुना आणि अतिशय स्वच्छ पुरावा केंब्रिजचा आहे. एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकान्स यांनी 1960च्या सुमारास उंदरांवर साधाच प्रयोग केला. एकाच दिवशी जन्मलेली पिल्लं एकत्र करून काही माद्यांकडे तीन-तीन दिली आणि काहींकडे पंधरा ते वीस. तिघांना दूध भरपूर मिळालं, वीस जणांना वाटून थोडं थोडं. तीन आठवड्यांनी दूध तोडल्यावर सगळ्यांना हवं तितकं खायला दिलं. तरी अर्धपोटी वाढलेली पिल्लं आयुष्यभर लहानच राहिली. पुढच्या प्रयोगात त्यांनी मोठ्या झालेल्या उंदरांना तितकाच काळ कमी खायला दिलं आणि मग आहार मोकळा सोडला, तर ती भरून आली. उपासमार सारखीच होती, फरक होता तो वयाचा. उन्हाळ्यात हाडं निघालेली मोठी शेळी पहिल्या पावसानंतर दीड महिन्यात तुकतुकीत होते आणि दुसऱ्या आठवड्यात दुधाला मुकलेलं करडू मात्र वर्षभर खुरटंच दिसतं, ते याचमुळे.

प्रत्येक वेळी दूध पिल्यावर स्नायूत काय घडतं, हे ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकी कृषी खात्याचं बालपोषण संशोधन केंद्र आहे, तिथे टेरेसा डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं अभ्यासलंय. पिल्लू प्यालं की रक्तात इन्सुलिन वाढतं, दुधातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, वाढतात, त्यातलं ल्युसीन विशेष महत्त्वाचं. या दोन्ही खुणा स्नायूपेशीतल्या एमटॉर नावाच्या कळीवर पोचतात आणि प्रथिनं बांधायचं काम जोरात सुरू होतं. हा प्रतिसाद आठवड्याच्या पिल्लात प्रचंड असतो आणि चार आठवड्यांच्या आसपास बराच खाली येतो. म्हणजे तेच दूध पहिल्या आठवड्यात जितकं मांस बांधतं, तितकं महिन्याभराने बांधत नाही.

याच गटाचा आणखी एक निष्कर्ष तुमच्या कामाचा आहे. पिल्लांना सारखाच आहार दोन पद्धतींनी दिला: काहींना नळीतून चोवीस तास संथ धारेने, काहींना दर चार तासांनी एकदम. तीन आठवड्यांनी दर चार तासांनी पिणाऱ्यांच्या अंगावर मांस जास्त होतं. संथ धारेत इन्सुलिन आणि अमिनो आम्लं कधी वर चढतच नाहीत, त्यामुळे ती कळ जोरात दाबली जात नाही. हा प्रयोग मुळात नळीतून दूध घेणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी केलेला, आणि डुक्कर म्हणजे शेळी नव्हे. पण दूधपित्या वयात करडाचं पोटही रवंथाचं नसतं, दूध सरळ चौथ्या पोटात, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांतल्या शेवटच्या कप्प्यात, उतरतं. म्हणून मला हा निष्कर्ष करडांच्या बाबतीतही पटतो. आईजवळ मोकळं असलेलं करडू आपणहून तेच करतं: पोट भरून पितं, झोपतं, उठून पुन्हा पितं.

आता आपल्याकडे काय होतं ते बघा. शेळी सकाळी चरायला गेली की करडू डालग्याखाली, ती परतते ती दिवेलागणीला. काही घरांत त्याआधी चहापुरतं दूध काढलेलंच असतं. म्हणजे आठवड्याचं करडू दहा-बारा तास कोरडं. हे अंतर चार तासांच्या अंतरासारखं नाही, ही सरळ उपासमार आहे. इतक्या वेळात ते स्वतःच्याच स्नायूतली प्रथिनं मोडून जगतं. व्यायल्यानंतर निदान पहिले दोन-तीन आठवडे शेळी घराजवळच ठेवा किंवा दुपारी एकदा आणून पाजा. या एका बदलाने फरक पडलेले गोठे मी डोळ्यांनी पाहिलेत.

चिकाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त हानी होते. शेळीच्या वारेतून पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. पिल्लाच्या आतड्यातून ती रक्तात शिरण्याची वाट तासागणिक बंद होत जाते, चोवीस तासांत जवळपास पूर्ण मिटते. म्हणून पहिला चीक तासाभरात. दोन किलोच्या करडाला पहिल्या चोवीस तासांत निदान 200 मिली, तीन-चार वेळा विभागून. वार पडेपर्यंत पाजायचं नाही असं अजूनही काही ठिकाणी म्हातारी माणसं सांगतात. त्यांचा मान ठेवा, पण करडू मात्र लगेच कासेला लावा, उलट चोखण्याने वार पडायला मदतच होते. चीक चुकला की दहाव्या-बाराव्या दिवशी हगवण लागते, आणि हगवणीतले पाच दिवस म्हणजे मांस बांधायच्या दिवसांतले पाच दिवस गेले.

बाटलीने पाजत असाल तर दूध अंगाइतकं कोमट हवं, पाणी मिसळू नका आणि करडाची मान आईखाली पितं तशी किंचित वर राहू द्या. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाची खाच मिटून नळी बनते आणि दूध कोटीपोट (चारा साठून आंबतो तो मोठा कप्पा) टाळून चौथ्या पोटात जातं. घाईने, थंडगार, भांड्यातून घशात ओतलं तर ते कोटीपोटात पडून आंबतं. हातपाय काडीसारखे आणि पोट घागरीसारखं, अशी करडं तुम्ही पाहिली असतील. जंतांबरोबर हेही त्याचं एक कारण असतं. पहिल्या आठवड्यात चार-पाच वेळा, मग हळूहळू तीन वेळा. एका वेळी फार ढोसू नका. विशेषतः तब्येतीने दणकट करडं एकदम जास्त दूध किंवा धान्य मिळालं की आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने, रात्रीत जातात. त्याची लस गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात द्या.

थंडीही मांस खाते. डिसेंबरात जन्मलेलं करडू ओल्या जमिनीवर झोपलं तर प्यालेलं दूध अंग गरम ठेवण्यातच जळतं. खाली कोरडं भुसकट आणि आडोशाला गोणपाट बांधलं तर तेच दूध अंगी लागतं.

जुळ्यांचा प्रश्न तुमच्याकडे असणारच, उस्मानाबादी त्यासाठीच नावाजलेली आहे. पण दोन पिल्लं म्हणजे जन्मवजन कमी आणि दुधात वाटेकरी, हे गणित कुठल्याही जातीत चुकत नाही. दोघांतलं लहान करडू कायम ढकललं जातं. त्याला आधी कासेला लावा, मोठ्याला मिनिटभर धरून ठेवा. जन्मतःच फार लहान असलेल्यात मुळात तंतू किंवा केंद्रकं कमी असू शकतात, त्यामुळे ते पुढे तितक्याच वजनाचं झालं तरी त्यात चरबीचा वाटा जास्त राहतो. त्याला दूध पुरेसं द्या, पण त्याच्याकडून भावाइतक्या पुठ्ठ्यांची अपेक्षा धरू नका.

तंतूंची संख्या जन्माआधी ठरते म्हटलं, तर ती कधी? शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. संख्येच्या दृष्टीने मधला काळ, म्हणजे दुसरा-तिसरा महिना नाजूक. वजनाच्या दृष्टीने शेवटचे सहा आठवडे, कारण पिल्लाची जवळपास 70 टक्के वाढ तेव्हा होते. आपण शेवटी शेवटी पोट दिसायला लागल्यावर खुराक देतो, ते योग्यच आहे, पण मार्चमध्ये लागलेल्या शेळीचा दुसरा-तिसरा महिना आपल्या भागात ऐन मे-जूनच्या टंचाईत येतो, तेव्हा तिला कोण विचारतं? त्या दिवसांत मूठभर पेंड, शेवरी-सुबाभळीचा पाला, तुरीचं भुसकट एवढं जरी मिळालं तरी पुढच्या करडांच्या पुठ्ठ्यांवर ते दिसतं. पाला घरचाच असेल तर खर्चही फार नाही.

एक लक्षण वेगळं ओळखा. चांगलं पिणारं करडू अचानक ताठ चालायला लागलं, मागचे पाय उचलवेनात, तर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेने स्नायूच खराब होत असू शकतो. त्यावर इंजेक्शन आहे, पण सेलेनियम जास्त झालं तर विष आहे, तेव्हा मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नका. डॉक्टरला दाखवा.

आत्ता जी करडं चार महिन्यांची आहेत त्यांना खुराक बंद करा असं मी म्हणत नाही. जंताचं औषध द्या आणि भरडा आठवडाभरात हळूहळू वाढवत न्या, नाहीतर पोट आंबून आजारी पडतील. नुसत्या मक्यावर भर देऊ नका, शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड आणि लसूणघास हवा, कारण मक्यात ऊर्जा खूप आणि प्रथिनं कमी. त्यांचं जे भरायचं ते भरेल. पण पैसे मर्यादित असतील तर त्यातला मोठा वाटा पुढच्या वेताच्या गाभण शेळ्यांसाठी राखून ठेवा. आणि एक हुकाचा काटा घ्या. करडू पिशवीत घालून जन्मदिवशी, मग दर आठवड्याला, निदान महिनाभर वजन करा आणि वहीत लिहा. ज्याचं वजन दोन आठवडे हललं नाही त्याच्या आईची कास त्याच दिवशी तपासा: बऱ्याचदा एक सड बंद असतो किंवा कासदाह असतो आणि करडू नुसतंच कोरडं चोखत असतं. पुढच्या वेताची वजनं इथे खाली टाकलीत तर मी बघून सांगेन.