घाट चढताना बसावे की उभे राहावे?

प्रश्न : वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीला जाताना मी उभ्याने पेडल मारतो आणि दोन-तीन वळणांतच मला धाप लागते. सोबतचे मित्र मात्र सीटवर बसूनच पुढे निघून जातात. माझी पद्धत चुकते आहे का?

उत्तर : उभे राहणे चूक नाही, सगळा घाट उभ्याने चढू पाहणे चूक आहे. सुमारे १२ किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची गाठणारा हा घाट सरासरी ५ टक्क्यांच्या (शंभर मीटरांमागे पाच मीटर उंची) आसपासचा आहे आणि एवढ्या चढाला बसून चालवणेच परवडते. बसल्यावर अंगाचा भार सीट पेलते. उभे राहताच तो पाय, कंबर आणि दंडांवर येतो, त्यामुळे वेग तेवढाच असूनही हृदयाचे ठोके वाढतात. त्याच्या मोबदल्यात पेडलवर पूर्ण वजन टाकता येते आणि थोडा वेळ जास्त जोर मिळतो. चढ १० टक्क्यांच्या पुढे गेला, की बसण्याचा हा फायदा बराच कमी होतो.

मला शंका आहे ती तुमच्या गिअरची. गिअर जड असला, की माणूस आपोआप उभा राहतो. मिनिटाला पेडलचे निदान ७० फेरे बसून होतील इतका हलका गिअर पायथ्यापासूनच ठेवावा. तसा गिअर सायकलला नसेल, तर मागच्या चाकावरचे मोठ्या दातेरी चक्रांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे. तो खर्च सार्थकी लागतो.

उभे राहावे ते ठरवून. आपण रस्त्याच्या डावीकडून चालत असल्याने डाव्या वळणावर आतल्या, म्हणजे अधिक खड्या बाजूला येतो. तिथे दहा-पंधरा फेरे उभ्याने मारले, की पाठ आणि मांड्याही मोकळ्या होतात. उठण्याआधी गिअर एकाने जड करावा आणि पेडल वरून खाली येत असतानाच उठावे, नाहीतर सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याचे चाक तिला भिडते. उभे असताना सायकल किंचित डोलू द्यावी, खांदे स्थिर ठेवावेत. पावसाळ्यात मात्र जपावे, कारण मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते ओल्या रस्त्यावर घसरते.

कोणाला बसून आणि कोणाला उभ्याने चढणे सोयीचे, हे शरीराच्या ठेवणीवरही ठरते. २०१३ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत क्रिस फ्रूम या सायकलपटूने माँ व्हाँतू या डोंगराच्या चढावर बसूनच, पाय भराभर फिरवत प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले, तर त्याचा प्रतिस्पर्धी अल्बेर्तो कोन्तादोर उभ्याने चढण्यासाठीच ओळखला जाई. बसून चालवताना गुडघ्याची वाटी दुखू लागली, तर सीट फार खाली नाही ना, हे आधी तपासावे.