संधिवातात दही, संत्री, वांगी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय, आईला संधिवात आहे, 'फूड अ‍ॅलर्जी'च्या टेस्टमध्ये बावीस पदार्थ निघाले, सगळे बंद करायचे का. नका करू. त्या रिपोर्टवरून तर मुळीच नको.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी हेच झालं. 2016 साली आईची बोटं सकाळी वळेनात. चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरायची, हात मोकळे व्हायला दहा वाजायचे. मोठी आई म्हणाली, "आंबट खाऊन राहिली, म्हणून वात धरला." झालं. दही, चिंच, वांगी गेली. फेब्रुवारीत काटोलहून मामा मृगाची संत्री पाठवायचे, ती पेटी शेजारी जायला लागली. मग एका लॅबवाल्याने आठ हजार घेऊन यादी दिली, त्यात गहू, तूर, दूध, शेंगदाणे. त्या टेस्टमध्ये आयजीजी हे रक्तातलं एक प्रतिपिंड (अँटीबॉडी) मोजतात. ते जास्त निघालं म्हणजे तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, एवढंच. रोज वरण-पोळी खाणाऱ्या बाईत गहू-तूर निघणारच! खरी अ‍ॅलर्जी आयजीई या दुसऱ्या प्रतिपिंडाची. ती असेल तर खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो.

दीड वर्ष आई भात आणि मुगाच्या पाण्यावर होती. नऊ किलो उतरली, सांध्यांची सूज तशीच.

शेवटी सांध्यांच्या डॉक्टरकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे नेलं. अँटी-सीसीपी या रक्ततपासणीचा आकडा खूप वाढलेला, ऱ्हुमॅटॉइड निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात. आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट हे औषध, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, लिव्हरच्या तपासण्या. चार महिन्यांनी पोळ्या लाटायला लागली. पण उजव्या हाताची बोटं तोवर करंगळीच्या बाजूला कलली होती, ती कललेलीच राहिली. मोठी आई अजून सांगते, पथ्याने बरी झाली. पथ्याने नाही झाली. पथ्यापायी दीड वर्ष गेलं आणि बोटं गेली.

हां, एखाद्या पदार्थाने काहींचं दुखणं वाढतं, हे खरं आहे. तसं वाटलं तर एकच पदार्थ तीन आठवडे सोडा, पुन्हा खाऊन बघा, वहीत लिहा. ओठ सुजले असतील, श्वास लागला असेल, तर मात्र घरी खाऊन बघू नका. गव्हाचा संशय असेल तर गहू आतड्यांना सोसत नाही का ते दाखवणारी सीलिअ‍ॅकची टेस्ट गहू चालू असतानाच करा, सोडल्यावर ती चुकू शकते. आणि दुखणं युरिक अ‍ॅसिडचं असेल तर सावजी मटण आवरावंच लागतं.

तुमच्या आईची अँटी-सीसीपी झाली का? नसेल तर याच आठवड्यात करा. संत्री खाऊ द्या तिला. आमच्याकडे पेटी परत येते आता. आईला साल काढता येत नाही, मी सोलून देते.