समाजाच्या समजुतींमुळे वास्तव खरंच घडतं का, की हे नुसतं पुस्तकी बोलणं आहे? आणि पूर्वग्रह घालवायचे कसे?

पुस्तकी अजिबात नाही. मी नाशिकमधल्या सातपूरकडच्या एका शाळेत गणित शिकवायचो आणि ‘ड’ तुकडी माझ्याकडे होती.

तुकड्या मार्कांवर पाडलेल्या. ‘ड’मध्ये एमआयडीसीतल्या हेल्परांची, गवंड्यांची आणि पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं. स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सरांचं ठरलेलं वाक्य होतं, “त्यांच्या डोक्यातच नाही, तुम्ही कशाला घसा फोडता?” हे नुसतं मत असतं तर मी सोडून दिलं असतं. पण वेळापत्रक त्याच मतावर बसायचं. ‘ड’चा गणिताचा तास शेवटचा. प्रयोगशाळा ‘अ’चं आटोपून वेळ उरला तर. अवघड उदाहरण फळ्यावर घ्यायचंच नाही, कारण झेपणार नाही. मग निकालात मार्क कमी पडले की सर म्हणत, “बघा, म्हणत होतो ना!”

रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये हेच दाखवलं. धडधाकट बँक बुडणार अशी अफवा उठते, सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात आणि बँक खरंच बुडते. अफवा पसरवणारा मात्र म्हणतो, मला आधीच माहीत होतं.

एकदा गुणोत्तर-प्रमाण चालू होतं. पुस्तकातल्या उदाहरणावर कुणी तोंड उघडेना. मी फळ्यावर लिहिलं: बागेची छाटणी एकरी उक्ती घेतली, टोळीत पाच जण, त्यातला एक अर्धाच दिवस आला, तर प्रत्येकाचा वाटा किती? सुरगाण्याकडचा एक मुलगा, वर्गात कधीच न बोलणारा, बसल्या जागेवरून उत्तर देऊन मोकळा. वर माझ्याशी वाद घातला, की गाडीभाडं आधी वजा करायला हवं, ते तुम्ही धरलंच नाही! मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा सर म्हणाले, “तो हिशोब झाला. गणित वेगळं.” ते वाक्य मला अजून टोचतं. मुख्याध्यापकांशी भांडून मी पुढच्या वर्षी ‘ड’चा तास सकाळचा करून घेतला. त्या वर्षी दहावीला निम्म्याहून जास्त मुलं गणितात सुटली. त्यावर सर म्हणाले, “पेपर सोपा होता.”

नाशिककरांनी तर हा प्रश्न विचारूच नये. विटाळ कुणी सिद्ध केला होता? तरी २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचे दरवाजे खरोखरच बंद होते. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांचा तो सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, दार काही उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, धर्मांतराची घोषणा झाली. एका समजुतीचा परिणाम कुठवर गेला ते बघा.

आता हेही सांगायला हवं, की नुसत्या अपेक्षेने मुलं हुशार होत नाहीत. रोझेंथल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये मांडलेला कॅलिफोर्नियातल्या शाळेचा प्रयोग खूप सांगितला जातो: चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं निवडली, शिक्षकांना ‘ही चमकणार’ असं सांगितलं, आणि खालच्या वर्गांतल्या त्या मुलांची प्रगती जास्त झाली. पण त्यावर बरीच टीका झाली आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम लहानच दिसला. माझ्याही वर्गातली काही मुलं हंगामात आईबापांबरोबर दिंडोरीकडे गेली ती परत आलीच नाहीत. तिथे माझ्या अपेक्षेने काय होणार होतं!

मनातले पूर्वग्रह कसे जातील ते मला सांगता येणार नाही. वेळापत्रक मात्र येत्या जूनमध्ये बदलता येतं. तुमचं मूल ‘क’ किंवा ‘ड’मध्ये असेल तर शाळेत जाऊन विचारा, गणित कोण शिकवतं, कितव्या तासाला, प्रयोग हाताने करायला मिळतात का. मार्कांवर तुकड्या पाडणं बंद करा म्हणून पालक सभेत उभं राहून मागणी करा. “हुशार मुलांचं नुकसान होईल” असं कुणी म्हटलंच, तर कोणत्या विषयात आणि किती मार्कांचं, ते लिहून मागा. मी सरांकडे ते शेवटपर्यंत मागत होतो, त्यांनी एकदाही दिलं नाही.