टॅप दर वेळी त्याच खोलीवर का तुटतो?

प्रश्न : सर, आमचं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) च्या ब्लॉकमध्ये एम३ चे, म्हणजे ३ मिमी स्क्रूचे आटे पाडायचेत, भोक आरपार नाही, पार्टीने आटे १४ मिमी खोल मागितलेत. २.५ मिमीचं ड्रिल मारतो आणि हाताने टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवतो. आठ-नऊ मिमीपर्यंत नीट जातो, मग कट्‌कन तुटतो आणि जॉब भंगारात. टॅपची कंपनी बदलून पाहिली, फरक नाही. काय करू?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : कंपनी बदलून हे सुटणार नाही, कारण बहुतेक वेळा टॅप कापताना तुटत नाही, बुरादा अडकून तुटतो. हाताच्या टॅपच्या खाचा सरळ असतात, त्यात बुरादा साठत जातो, आरपार भोक असतं तर थोडाफार खाली पडला असता, इथे त्याला जायला जागाच नाही.

पण त्याआधी पार्टीला फोन करा आणि विचारा की १४ मिमी आटे कशाला हवेत. एम३ चा स्क्रू स्टीलमध्ये ५-६ मिमी धरला तरी पुरतो, त्याच्यापुढे आटे वाढवले तरी आधी स्क्रूच तुटणार, आटे नाही. ड्रॉइंग काढणाऱ्याने बऱ्याचदा भोकाची खोली तीच आट्यांची खोली म्हणून टाकलेली असते. हे खरंच विचारा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

नाहीच ऐकलं, तर ड्रिलपासून सुरुवात करा. २.५ ला आट्याची साधारण ७७ टक्के उंची मिळते, २.६ मारलं तर ६० च्या जरा वर, आणि एवढ्या खोल आट्याला तेवढा पुष्कळ झाला, टॅपवरचा ताण मात्र चांगलाच उतरतो (पार्टीकडे आट्याचं माप तपासायचं गो-नोगो गेज असेल तर आधी विचारून घ्या). भोक आट्यांपेक्षा ३-४ मिमी जास्त खोल ठेवा. आणि ड्रिलला धार हवीच हवी! ३०४ चं दुखणं असं की बोथट ड्रिल नुसतं घासत राहिलं की भोकाची भिंत कडक होते, मग त्या कडक भिंतीत बिचारा टॅप काय करणार. स्पीड १२००-१५०० आरपीएम, दाब एकसारखा, मधे मधे ड्रिल पूर्ण बाहेर काढून बुरादा साफ करायचा, पण आत फिरत ठेवून थांबायचं नाही.

टॅप स्पायरल फ्लूटचा, म्हणजे पिळदार खाचांचा घ्या, तो बुरादा वर खेचतो. दुकानात गन टॅप देतील तर नको म्हणा, तो बुरादा पुढे ढकलतो, आरपार भोकाला उत्तम पण तुमच्या कामाला घातक. स्पायरल फ्लूटवाला टॅपिंग अटॅचमेंटवर एका दमात चालवा, अर्धा फेरा पुढे पाव मागे ही सवय सरळ खाचांच्या टॅपची, इथे तसं केलं तर बुरादा तुटून आतच अडकतो. हातानेच करणार असाल तर पहिला, दुसरा, तिसरा असा पूर्ण सेट वापरा, दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून ब्रशने पुसा, गुण्या लावून सरळ आहे ना बघा. तेल एसएससाठीचं घट्ट टॅपिंग ऑइल, कूलंटचं पाणी नको.

अजून एक, टॅपची दांडी बघा. बऱ्याच एम३ टॅपची दांडी आट्यांपेक्षा जाड असते, खोल गेल्यावर ती भोकाच्या तोंडाला टेकते आणि आपल्याला वाटतं टॅप जड चाललाय, म्हणून जोर लावतो आणि खेळ खलास.

काम नेहमीचं असेल तर माझं मत फॉर्मिंग टॅपला. तो कापत नाही, धातू दाबून आटे उठवतो, म्हणजे बुरादाच नाही. त्याला ड्रिल मात्र मोठं, साधारण २.८ चं, आणि तेलात कंजुषी अजिबात नको.

प्रश्न : पितळेच्या जॉबमध्ये टॅप तुटून बसलाय, जॉब महागाचा आहे. स्पार्क मशीनशिवाय (विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणारं मशीन) निघेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पितळ आहे म्हणून निघेल. काचेच्या भांड्यात तुरटीचं घट्ट द्रावण करा, जॉब त्यात बुडवून गरम ठेवा, उकळी फुटू देऊ नका. टॅप हळूहळू काळा पडून विरघळतो, पितळेला काही होत नाही. वेळ लागतो, कधी कधी दिवसभर, पाणी आटलं की भर घालत राहा. जॉबला स्टीलची पिन वगैरे असेल तर आधी काढा, नाहीतर तीही जाईल. स्टीलच्या जॉबला हा उपाय करू नका, तिथे स्पार्कवाल्याकडेच जा.