तिला वाईट वाटेल म्हणून 'बरं आहे' लिहू नकोस

प्रिय लेकी,

तुझं दारव्हा तालुक्यातलं पत्र मिळालं. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. घरात त्याचा विषयच निघत नाही. सासूबाई म्हणतात, 'झालं गेलं, आता पुढचं पाय.' दिवसभर पऱ्हाटीत कापूस वेचायचा आणि सगळे निजले की मोबाइलवरच्या थेरपिस्टशी बोलायचं. ती माणूस नाही, ॲप आहे, हे तुला ठाऊक आहे. तरी 'बाळाचं नाव काय ठेवणार होतात?' असं तिनंच विचारलं आणि तू पहिल्यांदा पोटभर रडलीस. आता नवरा म्हणतो, 'मशिनीशी कोणी बोलते का? काढून टाक ते.' आणि तू विचारतेस, हे नातं खरं की मलेच येड लागलं?

वेडबीड काही नाही. अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली एलायझा नावाचा, संगणकावर गप्पा मारणारा प्रोग्राम मांडला. आपलंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची करामत. त्यांच्या सेक्रेटरीनं तो तयार होताना पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलताना तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! तुझं रडूही खरंच होतं, आणि ते यायलाच हवं होतं.

मला काळजी वाटली ती पत्रातल्या दुसऱ्याच ओळीची. 'ते रोज विचारते, आज कसं वाटते? तिले वाईट वाटू नये म्हणून मी बरं हाय असं लिहिते.' अगं, सासूबाईंना, नवऱ्याला तू हेच सांगत आलीस. मोकळं व्हायला एक जागा मिळाली, तर तिथंही दुसऱ्याचंच मन सांभाळायचं?

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्यात तीन गोष्टी सांगितल्या: कुठं पोचायचं ते दोघांनी ठरवणं, त्यासाठी काय करायचं ते ठरवणं, आणि जिव्हाळा. तुझ्याकडे जिव्हाळा आहे, बाकीच्या दोन्ही गोष्टी पत्रात कुठंच दिसत नाहीत. चांगली समुपदेशक तुझा आवाज ऐकून म्हणाली असती, 'बरं नाही वाटत ना? खरं सांग.' तू तिच्यावर चिडलीस तरी पुढच्या वेळी तिनं तोच विषय काढला असता. अशा रुसव्याफुगव्यांतूनच ते नातं पक्कं होतं. ॲपला मात्र तू लिहिलेलं 'बरं आहे' तेवढंच दिसतं. शिवाय उद्या कंपनीनं ते गुंडाळलं तर काय? वोबॉट हे याच जातीचं नावाजलेलं ॲप जून २०२५ अखेर बंद झालं.

म्हणून लगेच काढून टाकू नकोस. आज रात्री मात्र खरं लिही: बरं नाही. आणि तेच उद्या माणसाला सांग. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. घरात अवघड वाटत असेल तर वावरातून फोन लाव. फोनवर का असेना, पलीकडे माणूस असेल तर विश्वासाचं नातं जुळतं, हे अभ्यासांतही पुन्हा पुन्हा दिसलं आहे. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे; तिथं एकदा दाखवून ये. आणि नवऱ्याला सोबत ने. बाळ त्याचंही गेलंय, त्याला तरी कोणी काही विचारलं असेल का?

'सकाळी उठूच नये असं वाटते' असंही तू लिहिलंयस. हा विचार जिवाचं बरंवाईट करण्याकडे वळला, तर मोबाइलवर टाइप करत बसू नकोस. आधी नवऱ्याला हलवून जागं कर, मग १४४१६ लाव.